परक्याला सुतक नाही

केशवची आई गेली हे त्याच्या तोंडून कळायच्या आधी मला त्याच्या बुटांवरून कळलं.

शेगडी मी खालीच मांडून घेतली आहे, उभ्यानं स्वयंपाक मला जमत नाही. पाटावर बसून भाकरी थापत होते आणि मागं फरशीवर टकटक वाजलं. मैदानावरचे खिळ्यांचे बूट. इतक्या वर्षांत त्या माणसानं माझ्या उंबऱ्याच्या आत साधी चप्पल आणली नव्हती. तुझ्या बापाचं मैदान हाय काय, एवढं म्हणायला मी वळले. त्याच्या हातात मोबाईल होता आणि तोंडावर कुणी राख फासल्यासारखी दिसत होती.

"आऊ," तो म्हणाला, "आबा गेली."

आबा म्हणजे त्याची आई. त्यांच्यात गुरुवारी जन्मलेल्या पोरीचं नाव आबा ठेवतात आणि रविवारच्या पोराचं क्वेसी. हे त्यानं मला नवानवा आला तेव्हा सांगितलं होतं. मी म्हटलं, आईला आबा म्हणतोस, मग बापाला काय आक्का म्हणतोस? तर तो पोट धरून हसला, तिथल्या तिथं फोन लावून आईला सांगितलं आणि तीही पलीकडून हसली. ती बाई मी कधी बघितली नाही. घाना देशात समुद्राच्या काठावर मासे धुरावून विकायची. तिचं हसू तेवढं ऐकलं होतं, बाजारात बसणाऱ्या बाईचं असतं तसं, कुणाला न भिणारं.

क्वेसी हे नाव पेठेच्या जिभेवर फार दिवस टिकलं नाही. त्याचा केशव झाला.

आमच्या कोल्हापुरात कुस्ती म्हणजे देव आणि फुटबॉल म्हणजे भांडण. प्रत्येक पेठेची तालीम, प्रत्येक तालमीचा संघ आणि संघासाठी डोकी फोडून घेणारी माणसं. हंगाम आला की तालमी बाहेरच्या देशातले खेळाडू आणतात, खोली देतात, हंगाम संपला की ते आपल्या वाटेनं जातात. केशव आमच्या रणखांब तालमीकडून पुढच्या फळीत खेळायला आला आणि माझ्या माडीवर उतरला. आमचे मालक तालमीचे जुने गोलकीपर. ते गेले तरी तालमीचं माणूस उतरायचं ते आमच्याच घरात. बाकीचे आले आणि गेले. हा राहिला. आधी शिव्या शिकला, मग भाज्यांची नावं, मग सगळं बोलायला लागला.

पुढं त्याचा गुडघा गेला. तालीम त्याला परत पाठवायला निघाली होती. मीच तालमीच्या अध्यक्षाला, विलास अतिग्रेला, भर रस्त्यात थांबवून म्हटलं, "गुडघा गेलाय, डोकं हाय न्हवं जाग्यावर? का तुला डोक्याचं काम नको वाटतंय?" विलास हसला. पण केशव मॅनेजर झाला.

आणि झाला तो असा झाला की निम्मी पेठ त्याच्या नावानं बोटं मोडायला लागली. पोरांना उजाडायच्या आत मैदानावर न्यायचा. तंबाखूचा मावा खाणाऱ्याला बाहेर बसवायचा. कोण कुणाच्या घरातला हे बघायचा नाही. विलासचा पुतण्या संग्राम सरावाला उशिरा आला म्हणून त्याला काढला तो काढलाच. संग्राम मग पुण्याला जाऊन कोचिंगचा कोर्स करून आला आणि पाठीवर इंग्रजी अक्षरं असलेला शर्ट घालून मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभा राहायला लागला. केशवनं बेकरीत पाव भाजणारी पोरं घेतली, रिक्षावाल्याचं पोरगं घेतलं आणि संघ बांधत आणला. त्या वर्षी कितीतरी सालांनी रणखांब फायनलला गेली होती. समोर बुरूज तरुण मंडळ, आमचं सात पिढ्यांचं वैर.

फायनल चार दिवसांवर होती आणि आबा गेली.

मी त्याला बसवला, पाणी दिलं. बूट मीच काढले त्याचे. कधी निघतोस म्हणून विचारलं तर तो म्हणाला, फायनल झाली की.

मला ते कळेना. आमचे मालक सकाळी गेले आणि दुपारपर्यंत आम्ही अंघोळी करून बसलो होतो. मेलेलं माणूस घरात उन्हं कलेपर्यंत ठेवत नाहीत. मग त्यानं सांगितलं की त्यांच्याकडं तसं नाही. माणूस गेलं की थंड खोलीत ठेवतात. थोरला मुलगा पोचतो, घरची माणसं बसतात, दिवस ठरवतात, गावोगाव निरोप जातात. महिना लागतो, दोन लागतात.

"आमच्याकडं मेलेलं माणूस थांबतं, आऊ," तो म्हणाला. "घाई जित्या माणसांना. मी आत्ता गेलो तर आबाच विचारंल, काम अर्धं टाकून आलास कशाला?"

असं म्हणून तो माडीवर निघाला. जिन्यात बसून रडला तेवढा रडला आणि संध्याकाळी शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर गेला. पेठ म्हणाली, आई मेली आणि हा शिट्ट्या वाजवतोय, काळजाच्या ठिकाणी चेंडू हाय त्याच्या. माझ्या दारात उभं राहून एकीनं मला हे ऐकवलं. मी तिला म्हटलं, तुझी सासू गेली तेव्हा तू ढसाढसा रडलीस आणि तिसऱ्या दिवशी तिच्या पाटल्या घालून मिरवलीस, ते आम्ही बघितलंय. ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास आला, चार माणसं घेऊन. पांढरी टोपी, डोळ्याला उपरणं. केशवला असा मिठीत घेतला की मलाही क्षणभर खरं वाटलं. म्हणाला, केशव आपल्या पेठेचा लेक, त्याची आई ती आपली आई. आपल्या लेकाला असं उघड्यावर सोडून चालणार नाही. त्यानं आता दहा दिवस घरात बसायचं. तालमीची पायरी चढायची नाही, जर्शीला हात लावायचा नाही. सुतक पाळायचं. पेठ त्याच्या पाठीशी आहे. फायनलची काळजी त्यानं करू नये, संग्राम आहे.

आता यातली मेख सांगते. आमच्या तालमीत एक रीत आहे. फायनलच्या दिवशी सकाळी सगळ्या जर्श्या तालमीत मारुतीपुढं रचतात, नारळ फुटतो आणि मॅनेजर एकेका पोराला हाक मारून जर्शी हातात देतो. ज्याच्या हातनं जर्शी मिळाली त्याचाच शब्द मैदानात चालतो. सुतकातला माणूस मारुतीपुढं जाऊ शकत नाही. म्हणजे जर्शी संग्राम देणार, कडेला संग्राम उभा राहणार. जिंकली तर संग्रामनं जिंकली. हरली तरी पुढच्या हंगामाची खुर्ची त्यानं धरून ठेवलेली. आणि केशवला या देशात राहायचा कागद मिळायचा तो मॅनेजरकीवर.

सगळं इतक्या मायेनं केलं होतं की कुणाला बोलायला जागा नाही. केशव आपला नाही असं कोण म्हणणार?

विलास गेल्यावर केशवनं मला विचारलं, सुतक म्हणजे काय. मी सांगितलं. तो ऐकून घेत होता.

"म्हणजे मी आजारी?"

"आजारी नव्हं रं. घरातलं माणूस गेलं की घरच्यांना लागतं ते. देवाला शिवायचं न्हाई, शुभ कामात जायचं न्हाई."

"माझ्या भावांना नाही लागलं. त्यांना फोन केला तेव्हा ते जाळी विणत होते."

"तुमच्यात नसंल."

फायनलचं बोलेल, संग्रामला शिव्या देईल असं मला वाटलं होतं. चार वर्षं त्या पोरांमागं पळून त्यानं आपला राहिलेला गुडघाही घालवत आणला होता. पण तो म्हणाला ते भलतंच.

"आऊ, तू ऐकलंस? तो म्हणाला, पेठेचा लेक. आजपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं."

आणि हसला. त्या सगळ्या दुःखातही त्याचं तोंड उजळलं होतं. मी उठून आत गेले.

सून विचारायला आली, देवपूजेचं ताट कुठं ठेवलंय. कालपासून मी तिला पूजा करायला सांगितली होती, माझे गुडघे दुखतात म्हणून. सरोज शहाणी आहे, पण तिचा नवरा म्हणजे माझा मुलगा तालमीच्या कमिटीवर. या कानाचं त्या कानाला जायला वेळ लागत नाही. मी तिला ताट कुठं आहे तेवढं सांगितलं.

दुपारी कळलं की संध्याकाळी तालमीत बैठक आहे, फायनलचं ठरवायला.

तालमीत बाईमाणूस जात नाही. लाल मातीचा हौद आहे, मारुती आहे, तिथं पेठेतल्या कुठल्याच बाईचं पाऊल पडलेलं नाही. माझंही नाही, आणि मला हौसही नाही. पण उंबऱ्यावर उभं राहायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. मी लुगड्याचा पदर खोचला आणि गेले.

केशव बाहेर कट्ट्यावर बसला होता. सुतक म्हणून आत घेतला नव्हता. मला बघून उठायला लागला. मी हातानंच बस म्हटलं आणि त्याच्याकडं पाठ करून दारात उभी राहिले. आत पंचवीस-तीस माणसं होती. पोरं भिंतीला टेकून उभी, तोंडं पडलेली. विलास बोलत होता, तेच, आपला केशव, आपला लेक. बोलता बोलता त्याला मी दिसले.

"या आऊ. काय काम काढलं?"

"तुझं चालू दे. मला एकच विचारायचं हाय. सुतक कुणाला लागतं, विलास?"

"घरच्याला, भावकीला. हे काय मी तुमास्नी सांगायचं?"

"मग केशव कुणाच्या भावकीतला? आमच्या साळोख्यांच्या का तुमच्या अतिग्र्यांच्या?"

कुणीतरी हसलं. विलास नाही हसला. तो म्हणाला, "आऊ, तो पेठेचा हाय. तुमच्या घरात राहतोय, तुमच्या हातचं खातोय. तुम्हीच असं म्हणाय लागला तर?"

"माझ्या घरात मांजर बी राहतंय. त्याला मी सुतक पाळाय लावत न्हाई."

आता कुणी हसलं नाही. माझ्या पाठीमागं कट्ट्यावर काही हललं का, ते मी बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"तुझी धाकटी पोरगी लग्नाची हाय न्हवं, विलास? केशवला देतोस?"

विलासच्या तोंडाला रंग चढला. "आऊ, कायबी काय बोलताय."

"का? पेठेचा लेक हाय म्हणतोस. देतोस का? न्हाई? आणि तू रं?" मी दुसऱ्याकडं बघितलं, मग तिसऱ्याकडं. सगळे मातीकडं बघत होते. "उद्या हा मेला तर खांदा कोण देणार? आपल्या मसणात जागा देशील? त्याचा देव निराळा, त्याचं मसण निराळं. परका माणूस हाय त्यो. पगार देऊन आणलाय, पगार सरला की जाईल. परक्याला सुतक न्हाई. आणि ज्याला सुतक न्हाई त्याला जर्शी द्यायला मारुतीची ना न्हाई. फायनल त्याची."

रिक्षावाल्याचं पोरगं, आमचा कॅप्टन, भिंतीपासून पुढं आलं आणि म्हणालं, "आऊ बरोबर बोलली. जर्शी केशवदाच देणार." बाकीची पोरं त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. विलास दोन्हीकडनं अडकला. परका नाही म्हणावं तर पोरगी द्यायचा प्रश्न उभा, परका म्हणावं तर सुतक गेलं.

मी वळले. कट्टा मोकळा होता.

घरी आले तर तो माडीवर होता. जेवायला खाली आला नाही, सरोजनं ताट वर नेलं. मी खाली बसून त्याच्या पावलांचा आवाज ऐकत होते. मला वाटत होतं, त्याला कळलं असणार. सगळ्या पोरांना तोच शिकवायचा, बघायचं डावीकडं आणि चेंडू द्यायचा उजवीकडं. माझ्यासमोर अंगणात कितीदा करून दाखवलं असेल. समोरच्याला हूल द्यायची. एवढ्या हुली देणारा माणूस, एका म्हातारीची हूल त्याला ओळखता येणार नाही? वर जाऊन सांगायला जिना फार उंच नव्हता. पण घरात मुलगा होता, सून होती, आणि माझ्या तोंडून एक मऊ शब्द जरी बाहेर पडून तालमीत पोचला असता तरी विलासनं तो धरून ठेवला असता. फायनल होऊ दे, मी म्हटलं. मग सांगते.

सकाळी तो खाली आला, बूट हातात. मला म्हणाला, "येतो. तुमचे उपकार झाले."

एवढ्या वर्षांत त्यानं मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

फायनलच्या दिवशी सकाळी सगळा संघ आधी माझ्या दारात येतो. ही मालकांच्या वेळेपासूनची रीत. मी एकेकाच्या तळहातावर दही-साखर घालते, मग पोरं तालमीत जातात, मग मैदानावर. त्या सकाळी पोरं आली, ओळीनं उभी राहिली. सगळ्यात पुढं केशव. उजवा हात पुढं केलेला. मी दारात खुर्चीवर बसले होते. दह्याची वाटी सरोजच्या हातात दिली होती आणि तिला म्हटलं, तू घाल.

सरोज बघतच राहिली. "मी, आत्ती?"

"हात न्हाईत काय तुला?"

केशवचा हात तसाच माझ्यापुढं राहिला होता. मी माझे दोन्ही हात पदराखाली घेतले. त्यानं ते बघितलं. मग हात सरोजपुढं केला, दही घेतलं, तोंडात टाकलं आणि माझ्याकडं न बघता चालायला लागला. मागनं पोरं कुजबुजली की आऊ कशावरून तरी रागावलीय. एकजण म्हणाला, बैठकीत बोलली ते खरंच होतं की काय. ते केशवच्या कानावर गेलं असणार, फार लांब नव्हता गेला.

मी मॅचला गेले नाही. त्या आधीच्या सगळ्या फायनला मी स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून बघितल्या आहेत, रेफरीला शिव्या देऊन घसा बसवला आहे. त्या दिवशी दारात बसले. आमच्या घरापर्यंत स्टेडियमचा आवाज येतो. आवाज आला, पण कुणाचा ते कळत नाही. गोल झाला की सगळे सारखेच ओरडतात. मग परत आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. सरोज देवापुढं दिवा लावून बसली होती. मला म्हणाली, आत्ती, तुम्ही पण या. मी म्हटलं, तू बस.

शेवटी फटाके वाजले ते आमच्या गल्लीच्या बाजूनं वाजले. जिंकलो होतो. एक गोल, बेकरीवाल्या पोराचा. नंतर सगळे सांगत होते, शेवटची पाच मिनिटं राहिली असताना केशवनं सगळी पोरं पुढं काढून एकाच बाजूला गोळा केली, बुरूजवाले तिकडं पळाले आणि दुसऱ्या बाजूनं तो एकटा पोरगा मोकळा राहिला. मला फुटबॉल कळतो. मला ते न बघताही दिसलं.

मिरवणूक आली. गुलालानं रस्ता लाल, हलगी वाजतेय, आणि सगळ्यांच्या खांद्यावर केशव. त्याला उचललेल्यांत विलासही होता. संग्राम पुढं नाचत होता. माणसांचं असंच असतं. मिरवणूक माझ्या दारात थांबली, कपाला ओवाळून घ्यायला. मी सरोजला पुढं केलं. केशव वरनं माझ्याकडं बघत होता. गुलालातून त्याचे डोळे तेवढे दिसत होते. मी तिथंच उभी होते, उंबऱ्याच्या आत. उतर रे खाली म्हणावं, असा जवळ घ्यावा, आणि सांगावं. पण हलगीपुढं कसलं सांगणं, आणि पेठ सगळी दारात. मिरवणूक पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. एक बॅग होती. विलास गाडी घेऊन आला होता, त्याला विमानतळाला सोडायला आपला माणूस दिला होता. पुढच्या हंगामाचं पण बोलत होता, परत ये, खुर्ची तुझीच. केशव हो हो म्हणत होता. मी म्हटलं, दोन महिन्यांनी येईल, आल्यावर निवांत बसवून सांगते. तोपर्यंत सगळं शांत झालेलं असेल.

तो माझ्यापुढं आला. पाया पडायला वाकला. मी मागं सरले.

तो वाकलेलाच राहिला क्षणभर. माझे पाय जिथं होते तिथं फरशीकडं बघत. मग सरळ झाला, हात जोडले, शाळेतल्या पाहुण्याला जोडतात तसे.

"चुकलो," तो म्हणाला. "मला वाटलं चालतं."

"पोचलास की फोन कर," मी म्हटलं.

"करतो."

गाडी गेली. सरोज माझ्यावर इतकी भडकली होती की दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी ताट आणून समोर आदळलं. मी आमटीची वाटी बाजूला केली. म्हटलं, मला बिनफोडणीचं वरण घाल, गेले चार दिवस घालतीस तसं.

पोचल्यावर त्यानं फोन केला, माझ्या मुलाला. पुढचे दिवस मी तसेच काढले. देवघरात पाऊल नाही, फुलांच्या परडीला हात नाही, पूजेचं बोलावणं आलं तर पाय दुखतात. दहावा दिवस उजाडला तेव्हा मी सरोजला पाणी तापवायला सांगितलं आणि डोक्यावरनं अंघोळ केली. अंथरूण-पांघरूण धुवायला काढलं. गोमूत्र मागवलं आणि घरभर शिंपडलं. सरोज दारात उभी राहून बघत होती. ती पदरानं हात पुसत होती, ते पुसायचे थांबले.

"आत्ती," ती म्हणाली, "कुणाचं सुतक फिटलं?"

मी केस पुसत होते.

"तुम्ही धरलं होतं? त्याच्या आईचं?"

"कुणीतरी धराय पायजे होतं," मी म्हटलं. "त्याला धरता येत न्हवतं."

सरोज खाली बसली. मग तिनं एकेक गोष्ट मोजायला सुरुवात केली. पूजा. दही. ओवाळणं. पाया पडताना मागं सरणं. सुतकातल्या माणसानं नमस्कार घेऊ नये, सुतकातल्या हातानं शकुनाचं दही देऊ नये. हे लहान पोराला कळतं आमच्यात. "अहो, त्याला काय वाटलं असंल," ती म्हणाली, आणि रडायला लागली. म्हणाली, आत्ता फोन लावते, सांगते. मी नको म्हटलं. तिकडं आई थंड खोलीत पडलीय, माणसं बसलीत, त्या गर्दीत फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही? येऊ दे त्याला.

तो आला नाही. पावसाळा संपता संपता त्याचा निरोप आला की तिकडंच एका लहान संघाची मॅनेजरकी मिळालीय. तालमीनं संग्रामला खुर्ची दिली. त्याचं पुढं काय झालं ते सांगायला नको.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. केशव मोठा झालाय. त्याच्या देशातला पहिल्या नंबरचा संघ त्याच्याकडं आहे, कप वर कप जिंकलेत. आमची पोरं मोबाईलवर त्याच्या मॅची बघतात. परवा सरोजची थोरली मुलगी ऋतुजा मोबाईलवर त्याची मुलाखत दाखवायला आली माझ्याकडं, इंग्रजीत होती. ती थांबवत थांबवत मला सांगत गेली. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं होतं की एवढा यशस्वी कसा झालास. तो म्हणाला, भारतात कोल्हापूर नावाचं गाव आहे, तिथं एका म्हातारीनं मला एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, तू परका आहेस. तेव्हा फार लागलं. पण खरं होतं ते. मॅनेजर परकाच पाहिजे. मी माझ्या पोरांच्या घरी जेवायला जात नाही. त्यांच्या लग्नाला जात नाही. त्यांना मुलं म्हणत नाही. कुणाला काढायचं झालं तर काढून मोकळा होतो. त्या बाईनं मला मॅनेजर केलं.

"आऊ, तुझंच की हे," ऋतुजा म्हणाली. तिला खरं काय ते तिच्या आईनं कधीच सांगितलंय. "लावू का फोन? सांग ना आता तरी."

सरोज दारात उभी होती. दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

मी म्हटलं, परत लाव ती मुलाखत. ऋतुजानं परत लावली. मी शब्द ऐकत नव्हते, मला कळतही नव्हते. त्याचं तोंड बघत होते. केस पांढरे झालेत. गालाची हाडं वर आलीत. मागं त्याची पोरं कप घेऊन नाचत होती आणि तो त्यांच्यापासून लांब, एकटा, कोट घालून खुर्चीवर बसला होता. त्या शब्दावर माणूस उभा राहिलाय, घर बांधावं तसा. आता या वयात त्याला फोन करून सांगू, बाबा, पाया खोटा आहे?

त्या दिवशी तालमीच्या दारात जे बोलले ते मी आजही बोलेन. नाहीतर फायनल गेली असती.

"सांगायचं का न्हाई, आऊ?" ऋतुजानं विचारलं.

"त्यो विचारणारा लई शहाणा दिसतोय," मी म्हटलं. "एवढं समदं विचारलं. तिथं त्याला जेवाय कोण वाढतं, त्येवढं इचारलं न्हाई."